टनभर द्राक्षांना टाकी हवी

नाशिक जिल्ह्यात टनभर अनोळखी द्राक्षं घेऊन कुठल्याही वायनरीच्या दारात उभे राहा. गेटवरचा माणूस आधी वाण विचारेल. नाव ऐकून तो आत फोन लावेल आणि आतून उत्तर येईल की एवढ्याशा मालासाठी टाकी अडकवता येत नाही. हे उत्तर टोलवाटोलवीचं नसतं. टनभर द्राक्षांची वाइन होते साधारण साडेसहाशे लिटर, आणि वायनरीतल्या टाक्या असतात पाच, दहा, वीस हजार लिटरच्या. टाकी अर्धी राहिली की वाइनच्या डोक्यावर हवा साठते, हवेने चव जाते, आंबटपणा चढतो, पुढे सरळ व्हिनेगर होतं. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरेल एवढा माल ज्या वाणाचा आहे, तेच वाण आमच्याकडे टिकतात. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ. बाकीचे वाण प्रयोगाच्या ओळीत लागतात आणि तिथेच म्हातारे होतात.

कादवा नदीच्या काठी आमची बाग आहे. बहुतेक थॉमसन, थोडी सोनाका, आणि थोड्या एकरांत वाइनची द्राक्षं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी छाटणी, विरळणी, फवारणी सगळं करते आहे, आणि गेली बरीच वर्षं बागेचा हिशेबही माझ्याच हातात आहे. त्या हिशेबावरून सांगते: महाराष्ट्राला आणखी एका मोठ्या वायनरीची गरज नाही. गरज आहे ती लहान टाक्यांच्या एका सामायिक वायनरीची, जिथे शेतकरी आपला टन-दोन टन माल आणेल, कायदेशीर परवान्याखाली त्याची वाइन करून घेईल आणि स्वतःच्या नावाने विकेल.

मोठ्यांनी केलं त्याचं मोल मी कमी लेखत नाही. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. त्याआधीच सुलाने गंगापूर धरणाजवळ वेली लावून २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या होत्या. तेव्हा नाशकात शेनिन ब्लाँ हे नाव किती जणांना उच्चारता येत होतं? आज शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी पोरं तेच नाव घेऊन मागतात. अनोळखी नाव गिऱ्हाईक घेत नाही असं मला वायनरीवाले सांगतात, तेव्हा मी त्यांना त्यांच्याच पहिल्या पाच वर्षांची आठवण करून देते.

पण ठरावीक चार-पाच वाणांवर सगळा जिल्हा उभा राहिला की काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. २००८ साली मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. आमच्याशी करार केलेल्या एका वायनरीने त्या काळात माल उचललाच नाही. कॅबर्ने वेलीवर सुकत गेलं. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते ना बाजार समितीत खपतं, ना त्याचा बेदाणा होतो. शेवटी आम्ही त्या खोडांवर थॉमसनचे डोळे भरले. तालुक्यात अनेकांनी वेली मुळासकट काढल्या. सगळ्यांकडे तोच वाण, सगळ्यांचा माल एकाच पंधरवड्यात तयार, आणि घेणारे दोन-चार. अशा बाजारात शेतकऱ्याच्या हाती भाव कधीच नसतो.

दुसरी अडचण हवामानाची. कॅबर्ने हे बोर्दोचं द्राक्ष, सावकाश पिकणारं. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी धरली तर ते पिकायला लागतं तेव्हा उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली असल्याची बातमी दरवर्षी छापून येते. त्या थंड रात्रींत मण्यातलं आम्ल टिकतं. मार्चच्या गरम रात्री ते झपाट्याने उतरतं. साखर भराभरा चढते, सालीचा आणि बियांचा कच्चेपणा मात्र जात नाही. तोडायला थांबावं तर आम्ल जातं, न थांबावं तर वाइन तुरट होते. वाइनमेकर मग टार्टारिक आम्ल घालून तोल सांभाळतो. त्यात गैर काही नाही, जगभर करतात. पण ज्या द्राक्षाला दरवर्षी असं सावरून घ्यावं लागतं, त्याच्या जोडीला इथलं ऊन सोसणारं दुसरं द्राक्ष का शोधू नये?

खुद्द बोर्दोने ते शोधायला सुरुवात केली आहे. वाढत्या तापमानाला तोंड देण्यासाठी २०२१ साली तिथे सहा नव्या वाणांना अधिकृत मान्यता मिळाली: आरिनार्नोआ, कास्ते, मार्सेलान, तुरिगा नासियोनाल, अल्व्हारिन्यो आणि लिलिओरिला. यातलं कास्ते तर जवळजवळ विस्मरणात गेलेलं द्राक्ष. बागेच्या पाच टक्के क्षेत्रात आणि मिश्रणाच्या दहा टक्क्यांपर्यंतच वापरायची मुभा आहे, म्हणजे पाऊल जपूनच टाकलं आहे. तरी टाकलं आहे. ज्यांचं पाहून आम्ही कॅबर्ने लावलं ते नवे वाण आजमावताहेत, आणि आम्ही मात्र त्यांच्या जुन्या यादीला चिकटून आहोत.

आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०१७ साली जगातल्या वाणांचा हिशेब मांडला. ज्ञात वाण सुमारे दहा हजार, आणि जगातल्या निम्म्या द्राक्षक्षेत्रावर त्यातले फक्त ३३. उरलेले कुठे आहेत? काही संशोधन केंद्रांच्या संग्रहात, काही एखाद्या हट्टी शेतकऱ्याच्या बांधावर. इटलीत पिएमाँतमधल्या तोर्तोनाच्या टेकड्यांवर तिमोरास्सो नावाचं पांढरं द्राक्ष संपत आलं होतं. १९८०च्या दशकात वॉल्टर मास्सा या शेतकऱ्याने आपल्याकडच्या थोड्याशा वेलींची वेगळी वाइन करायला घेतली. ती आवडली, शेजाऱ्यांनी वेली लावल्या, आणि आज त्या टेकड्यांचं नाव त्या वाइनमुळे घेतलं जातं. फ्रान्समधल्या कोंद्रिओच्या उतारांवर व्हिऑनिये १९६०च्या दशकात अगदी थोड्या हेक्टरांवर उरलं होतं; जॉर्ज व्हर्ने आणि त्याच्यासारख्या मोजक्या लोकांनी ते सोडलं नाही म्हणून वाचलं. तेच व्हिऑनिये आज नंदी हिल्सला आणि आमच्या नाशकात लागतं, त्याच्या बाटल्या विकल्या जातात. या दोन्ही ठिकाणी सुरुवात झाली ती थोड्याशा वेली आणि थोड्याशा बाटल्यांपासून.

आमच्याही शिवारात वाण होते. माझे सासरे भोकरी आणि फकडीच्या गोष्टी सांगायचे. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या वेली, काळी साहेबी, पांढरी साहेबी, आणि बैलगाडीतून करंड्यांत जाणारा माल. थॉमसन आलं, बिनबियांचं, गोड, टिकाऊ, आणि ते सगळं मागे पडलं. खाण्यासाठी थॉमसन उत्तमच आहे, आमचं घर त्यावर चाललं. पण भोकरीची वाइन कशी होईल हे मनावर घेऊन कुणी करून पाहिलं आहे का? करायचं म्हटलं तर कुठल्या टाकीत करणार?

मी स्वतः लावला तो वाण मात्र जुना नाही, पुण्यात तयार झालेला आहे. आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-५१६. कॅटॉबा हे अमेरिकेतल्या लाब्रुस्का जातीचं द्राक्ष आणि ब्यूटी सीडलेस हे नेहमीच्या व्हिनिफेरा जातीचं, यांचा तो संकर. बी असलेलं, भरपूर रसाचं, ११० ते १२० दिवसांत तयार होणारं आणि बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी दाद न देणारं. हा शेवटचा गुण बागायतदारालाच कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर झड लागली की थॉमसनच्या बागेत डाऊनी या बुरशीच्या भीतीने एकाआड एक दिवस ब्लोअर फिरतो, फुलोऱ्यात पाऊस झाला तर रात्रीसुद्धा. या वाणाच्या माझ्या चार ओळींना मी फार थोड्या फवारण्यांत नेलं. शेजारच्या बागेत पानांवर तेलकट डाग पडलेले असताना इथली पानं स्वच्छ होती.

त्या ओळींचा माल एका ओळखीच्या वायनरीत, तिथल्या तरुण वाइनमेकरच्या शब्दावर, एका कोपऱ्यातल्या हजार लिटरच्या उघड्या टाकीत पडला. टाकी भरली नव्हती, पण लाल वाइन आंबताना कर्बवायू सोडत राहते आणि तो वायूच तिला झाकून ठेवतो. धोका पुढे असतो. डोक्याला बॅटऱ्या बांधून पहाटेच्या गारव्यात तोडणी केली. देठ काढायच्या यंत्रातून मणी सालीसकट टाकीत गेले. पहिल्या रात्री काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी कान लावला तर आतून बारीक सरसर ऐकू आली, आणि संध्याकाळपर्यंत साली वर येऊन त्यांचा वीतभर जाड थर झाला. तो थर तसाच राहिला तर वरून वाळतो, आंबतो, आणि सालीतला रंग रसात उतरत नाही. मोठ्या टाकीत पंपाने खालचा रस वर सोडतात. इथे आम्ही लाकडी दांड्याला जोडलेल्या फळीने तो हाताने खाली दाबत होतो, दिवसातून तीन-चारदा. पहिल्या दाबाला थर हलत नाही, अंगाचा भार टाकावा लागतो. मग एका कडेने तो फुटतो, खालून गरम वाफ येते आणि जांभळट फेस हातावर उडतो. त्या थराखाली तपमान किती आहे, बाजूला किती आहे, हे हाताला कळतं. वाइनमेकर दर वेळी काचेच्या नळीत रस घेऊन घनता मोजायचा. साखर उतरत होती, आणि वास बदलत होता. सुरुवातीला पिकलेल्या जांभळासारखा दाट गोड, मग त्यातला गोडवा मागे सरला आणि खाली काहीसा मिरीचा तिखटपणा उरला.

लाब्रुस्काचा तो कस्तुरीसारखा वास त्यात होताच. युरोपातल्या जाणकारांना तो खपत नाही. फ्रान्सने १९३०च्या दशकात इझाबेलासह सहा अमेरिकी संकरित वाणांवर बंदीच घातली होती. आमच्याकडे त्याच घराण्यातलं बेंगळुरू ब्लू आहे. त्याची गोड पोर्ट गोव्यात पिढ्यानपिढ्या प्यायली जाते, आणि वाइनचे भारतीय समीक्षक तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. पण जगाचं मत बदलतं आहे. २०२१ सालच्या नव्या नियमाने युरोपीय संघाने संकरित वाणांना संरक्षित नावाच्या वाइनमध्येही प्रवेशाची वाट मोकळी केली, कारण रोग सोसणाऱ्या वेलीला औषधं कमी लागतात. आमच्या टाकीतली वाइन पॅरिसच्या चवीला उतरली असती की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला नाही. वायनरीतल्या पोरांनी ती काळ्या मसाल्याच्या शेवभाजीबरोबर घेतली. तिच्यातला आंबटपणा तेलकट तर्रीला पुरून उरला. मीही घेतली, आणि मला ती आवडली. बारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, लाकडाच्या पिंपाचा वास नाही, जड नाही.

ती वाइन विकता आली नाही. वेगळं विकायचं तर वेगळं लेबल, त्याची नोंदणी, फी, कागद. आणि तेवढ्याशा बाटल्यांसाठी ते परवडण्यासारखं नव्हतं. हंगामाच्या ऐन गर्दीत वायनरीला ती जागाही हवी होती. शेवटी ती त्यांच्या साध्या लाल वाइनच्या मोठ्या टाकीत ओतली गेली. माझा त्यांच्यावर राग नाही, त्यांनी टाकी दिली हेच मोठं. पण या वाणाबद्दल इतर शेतकऱ्यांना दाखवायला माझ्याकडे आज एक बाटलीसुद्धा नाही.

असे वाण आणखी आहेत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने मांजरी मेडिका काढलं, पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेसचा संकर. याचा गरच रंगीत, रस गडद लाल. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अनाब-ए-शाही आणि क्वीन ऑफ द व्हिनयार्ड्स यांच्यापासून अर्का सोमा काढलं, पांढऱ्या वाइनसाठी. निफाडच्याच रेव्हेलो वायनरीने सिसिलीची नेरो द'अव्होला आणि ग्रिलो ही उष्ण प्रदेशातली द्राक्षं इथे रुजवून दाखवली. अकलूजजवळ फ्राटेल्लीने सांजोव्हेजे आणलं. म्हणजे शास्त्रज्ञ आपलं काम करताहेत आणि काही उद्योजकांनी स्वतःच्या हिमतीवर पावलं टाकली आहेत. वाण आणि बाटली यांच्यामधली पायरी तेवढी गायब आहे. संशोधन केंद्रात वाण 'वाइनसाठी योग्य' म्हणून जाहीर होतो, शेतकरी विचारतो माल कोण घेणार, आणि विषय तिथेच संपतो.

ही पायरी सहकारातून बांधता येते. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यातल्या मायशॉसच्या शेतकऱ्यांनी १८६८ साली वाइनची सहकारी संस्था काढली, ती आजही चालू आहे. आम्हाला तर सहकार शिकवावा लागत नाही. दूध, ऊस सगळं त्यातूनच उभं राहिलं. द्राक्षाच्या निर्यातीसाठी १९९१ साली सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली, शीतगृहं आणि युरोपच्या बाजाराची वाट लहान बागायतदारासाठी खुली केली. त्याच धर्तीवर पाचशे ते हजार लिटरच्या वीस-पंचवीस टाक्या, एक देठयंत्र, एक प्रेस, प्रयोगशाळा, पगारी वाइनमेकर आणि एक परवाना. प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा, टाकी वेगळी, नोंद वेगळी. शेतकऱ्याने वापराचं भाडं द्यावं.

घरच्या घरी करू द्या असं मी म्हणत नाही. १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा. सामायिक वायनरीत उत्पादन शुल्क खात्याचा अधिकारी एका जागी सगळं तपासू शकतो. बदल हवा तो लेबलच्या फीमध्ये. एका हंगामात हजारभर बाटल्यांच्या आत असलेल्या वाइनला नाममात्र फी असावी, आणि परराज्यात विकण्यासाठी त्या राज्याशी राज्य सरकारने बोलावं. पाचशे बाटल्या आणि पाच लाख बाटल्या यांना एकाच दाराने आत सोडलं तर पाचशेवाला बाहेरच राहणार.

आता हरकतीचं बोलते, कारण ती माझ्या घरातच आहे. आमच्या आत्याबाईंच्या गळ्यात माळ आहे, आषाढी चुकत नाही. त्या म्हणतात, "द्राक्षं खुशाल लावा, पण घरात बाटली यायची नाही." आलेली नाही, येणारही नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा राज्यभर विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. त्या वेळी काही जण वाइन म्हणजे दारू नव्हे असं सांगत होते, आरोग्याचे दाखले देत होते. मला ते पटलं नव्हतं. वाइन ही दारूच आहे. गावात दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहते, त्या बायका माझ्याच बागेत विरळणीला येतात. म्हणून मी वाइन किराणा दुकानात मागत नाही, स्वस्त मागत नाही, तिची औषध म्हणून जाहिरात करू नये असंही म्हणते. जी वाइन या जिल्ह्यात आजही परवान्याने बनते आणि परवान्याने विकली जाते, तिच्यात कुठलं द्राक्ष असावं आणि तिचा पैसा कुणाच्या हाती जावा, एवढ्यापुरतंच माझं म्हणणं आहे. थोडी, महाग आणि कुठल्या बांधावरची ते माहीत असलेली वाइन गुत्त्याची जागा घेत नाही.

आमच्याकडे खुंटांवर डोळे भरायचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. टाक्यांचा निर्णय त्याआधी झाला तरच शेतकरी नवा वाण भरायचं धाडस करेल, आणि त्यापुढेही पहिला माल हाती यायला दीड-दोन वर्षं जातात. निर्णय महिनाभर जरी हंगामाच्या पुढे सरकला, तरी पूर्ण वर्ष गेलं. विंचूरच्या वाइन पार्कात एक शेड या कामासाठी द्यावी, द्राक्ष बागायतदार संघाने मागणीपत्र करावं आणि जिल्ह्यातल्या आमदारांनी ते येत्या अधिवेशनात मांडावं. मांजरी आणि आघारकरच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या पाच वाणांची यादी द्यावी, त्यात एक जागा भोकरीला ठेवावी. आमच्या चार ओळींचा पुढच्या हंगामाचा सगळा माल मी त्या सामायिक वायनरीला आत्ताच लिहून देते.